पगाराची तारीख

एप्रिल २०२५च्या पहिल्या आठवड्यात एसटीच्या कर्मचाऱ्यांच्या खात्यांवर मार्चचा पगार जमा झाला, तो ५६ टक्के. काम शंभर टक्के झाले होते. मार्चमधल्या फेऱ्या ठरल्या वेळेला सुटल्या होत्या, वस्तीच्या गाड्या गावोगाव मुक्कामाला राहिल्या होत्या, तिकिटांचा भरणाही आगारात पोचला होता. महामंडळाला सरकारकडून हवी असलेली रक्कम आणि प्रत्यक्षात हाती आलेली रक्कम यांत मोठी तफावत पडली आणि ती तफावत चालक-वाहकांच्या पगारातून भरून निघाली. उरलेले ४४ टक्के नंतर मिळाले. पण बँकेचा हप्ता ५६ टक्के कापला जात नाही, घरमालक ५६ टक्के भाडे घेत नाही आणि शाळेची फीही तशी भरता येत नाही.

माणगावसारख्या गावात ही बातमी वर्तमानपत्रात यायच्या आधीच बाजाराला कळते. मुंबई-गोवा महामार्गावरचे हे तालुक्याचे ठिकाण. इथून म्हसळा-श्रीवर्धनकडे आणि निजामपूरमार्गे रायगडाकडे वाटा फुटतात. तहसील, प्रांत, पंचायत समिती, न्यायालय, उपजिल्हा रुग्णालय, कोकण रेल्वेचे स्थानक, एसटीचे आगार आणि जवळच लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. विळे-भागाडची औद्योगिक वसाहत आली, तरी बाजारपेठेतला नेमाने येणारा पैसा आजही बराचसा सरकारी किंवा निमसरकारी पगारातूनच येतो. किराणा दुकानातली उधारी, पतपेढीचा हप्ता, भिशीची पाळी, सगळे पगाराच्या तारखेवर बेतलेले. ती तारीख पुढे गेली की एका घराची नव्हे, पेठेची घडी विसकटते. म्हणून सरकारी पगाराची खात्री ही फक्त नोकरदाराची मिळकत मानणे चूक आहे. ज्याला आयुष्यात कधी सरकारी नोकरी मिळाली नाही, तो भाजीवालाही त्या खात्रीवर जगत असतो.

पगार अडण्याचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेचे. तिथे १ ऑक्टोबर २०२५ला केंद्र सरकारचे कामकाज ठप्प झाले आणि १२ नोव्हेंबरपर्यंत, तब्बल ४३ दिवस, ठप्प राहिले. त्या देशाच्या इतिहासातला हा तोवरचा सर्वांत लांबलेला बंद. त्याआधीचा विक्रम २०१८-१९चा, ३५ दिवसांचा. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, खर्चाला मंजुरी दिली नाही तर खर्च करायचा नाही, हा तिथला कायदा १८८४चा. पण जवळजवळ शंभर वर्षे त्याचा अर्थ सैलपणे लावला जाई आणि कचेऱ्या चालू राहत. १९८०मध्ये ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी मत दिले की मंजुरी नसेल तर काम थांबवलेच पाहिजे. तेव्हापासून अर्थसंकल्पाचा वाद हा कर्मचाऱ्यांच्या चुलीपर्यंत पोचू लागला. काहींना घरी बसवले जाते आणि ज्यांची सेवा अत्यावश्यक, त्यांना बिनपगारी कामावर यावे लागते. विमानतळावरचे तपासनीस, हवाई वाहतूक नियंत्रक हे सगळे या दुसऱ्या गटात. थकलेला पगार नंतर मिळेल, अशी कायदेशीर हमी २०१९मध्ये आली. २०२५ची दिवाळी नेमकी या बंदाच्या मध्यावर आली. अमेरिकी सरकारच्या सेवेत असलेल्या मराठी घरांनीही ती पगाराविना साजरी केली.

आपल्याकडे असे का होत नाही? कारण आपली घटना त्याला वावच ठेवत नाही. विनियोजन कायद्याशिवाय तिजोरीतून रुपया काढता येत नाही, हे तत्त्व आपल्याकडेही आहे. केंद्रासाठी ते कलम ११४मध्ये, राज्यांसाठी २०४मध्ये. पण त्याच्या जोडीला लेखानुदानाची सोय आहे. राज्यसभेला धनविधेयक १४ दिवसांपलीकडे अडवता येत नाही. विधान परिषदेचेही तसेच. आणि खालच्या सभागृहात पैशाची मागणी फेटाळली गेली तर कचेरी बंद पडत नाही, मंत्रिमंडळ जाते. मार्च २०१६मध्ये उत्तराखंडच्या विधानसभेत विनियोजन विधेयकावरून गदारोळ झाला, ते मंजूर झाले की नाही यावरच वाद पेटला, राष्ट्रपती राजवट आली. तरीही १ एप्रिलपासूनच्या खर्चासाठी केंद्राने वटहुकूम काढला. तिथल्या तलाठ्याने काय खावे, हा प्रश्न राजकीय पेचावर टांगला गेला नाही. संसदीय पद्धतीचे हे मोठेपण आहे: भांडणाची किंमत भांडणाऱ्याने मोजायची.

इथे थांबून स्वतःची पाठ थोपटून घेता आली असती. पण घटनेने जे कुंपण घातले, त्याच्या बाहेर आपण गेल्या काही दशकांत मोठी वस्ती उभी केली. महामंडळे, मानधनी सेविका, कंत्राटी डॉक्टर, बाह्य यंत्रणेकडून घेतलेले संगणक चालक, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. काम सरकारचे, गणवेश सरकारचा, जाब विचारणारा अधिकारी सरकारचा. पगार मात्र ‘निधी आला की’. अमेरिकेत बंद जाहीर होतो, त्याला तारीख असते, दूरचित्रवाणीवर त्याचे दिवस मोजले जातात. आपला बंद जाहीरच होत नाही. तो एकेका विभागात, एकेका योजनेत, एखाद्या महिन्यात गुपचूप होतो आणि ‘तांत्रिक अडचण’ या नावाखाली संपतो.

एसटी हे याचे सर्वांत जुने उदाहरण. १९५०च्या केंद्रीय कायद्याखालचे हे महामंडळ. अध्यक्ष सरकार नेमते, भाडेवाढीला सरकारी यंत्रणेची मंजुरी लागते, तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर सरकार घेते. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३पासून महिलांना निम्मे भाडे, या सवलतीही सरकारनेच जाहीर केल्या. दोन्ही चांगल्या. निजामपूरहून माणगावच्या रुग्णालयात येणाऱ्या म्हातारीला त्यांनी खरोखर आधार दिला. पण सवलतीची भरपाई सरकारने महामंडळाला द्यायची असते आणि ती वेळेवर व पुरेशी आली नाही की कात्री पगाराला लागते. घोषणेचे श्रेय मंत्रालयाला, थकबाकीचा भार वाहकाला. त्याच वाहकाने गाडीत हसतमुखाने शून्य रुपयांचे तिकीट फाडायचे.

करोनाच्या काळात हे सारे उघडे पडले. मे २०२०मध्ये एसटीने परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोचवले. पुढे गावोगावच्या आगारांतले चालक-वाहक मुंबईत बेस्टच्या मदतीला धाडले गेले आणि त्यातले अनेक जण बाधित झाले. त्याच वर्षी पगार थकत गेले. नोव्हेंबर २०२०मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, जळगावात एका वाहकाने आत्महत्या केली तेव्हा कुठे सरकारने महामंडळासाठी हजार कोटींची मदत जाहीर केली. त्याच वर्षी मार्चचा पगार राज्य सरकारच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनाही दोन टप्प्यांत मिळाला होता, पण तिथे श्रेणी पाहून, वरच्यांना कमी आणि खालच्यांना पूर्ण, असे ठरवून झाले होते आणि उरलेली रक्कम देण्याचे आश्वासन सोबत होते. संकट एकच. कुंपणाच्या आत त्याचे नियम ठरले, बाहेर त्याचे नुसते परिणाम झाले.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस, संप सुरू झाला. मागणी होती राज्य सरकारात विलीनीकरणाची. तिला कोणी अवास्तव म्हटले, कोणी तिच्यामागचे राजकारण शोधले. पण तिच्या मुळाशी साधी इच्छा होती: आम्हालाही कुंपणाच्या आत घ्या. नोव्हेंबरमध्ये सरकारने मूळ वेतनात मोठी वाढ देऊ केली, तरी संप मिटला नाही, कारण प्रश्न फक्त आकड्याचा नव्हता, खात्रीचा होता. त्रिसदस्यीय समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचे सांगितले. उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२पर्यंत कामावर परतण्यास सांगितले. जवळपास सहा महिने खेड्यांकडची वाहतूक मिनीडोर आणि विक्रम या खासगी गाड्यांच्या हाती गेली. वाडीवस्तीवरच्या मुलींच्या शाळेवर त्याचा काय परिणाम झाला, ते तालुक्यातल्या शिक्षकांना विचारावे.

या काळात माणसे तगली कशी? कोकणातल्या आगारांत मराठवाड्यातून आलेले चालक-वाहक बरेच. त्यांच्या दोन चुली: एक इथे भाड्याच्या खोलीत, दुसरी गावी. पगार लांबला की आधी इथली चूल आखडते, डबा एकत्र होतो, खोलीत तिसरा भिडू येतो. मग पतपेढी, मग एसटीची सहकारी बँक, मग हातउसने, शेवटी बायकोचे दागिने गहाण. संपात कोणी भाजी विकली, कोणी ट्रकवर गेला, कोणी ऊसतोडीला किंवा बांधकामावर. याला आपण कौतुकाने जिद्द म्हणतो. मला त्या कौतुकाचा संशय येतो. ज्याच्या हातात चाळीस-पन्नास प्रवाशांचा जीव असतो, त्याने घाटातल्या वळणावर हप्त्याचा विचार करू नये, एवढी काळजी आपण स्वतःसाठी तरी घ्यायला हवी.

‘अत्यावश्यक’ हा शिक्का आपल्या राज्यकर्त्यांना केव्हा आठवतो, तेही पाहावे. संप झाला की मेस्मा लावण्याची भाषा लगेच होते: तुमची सेवा अत्यावश्यक, तुम्हाला काम थांबवता येणार नाही. पगाराच्या तारखेला मात्र हा शिक्का कोणाला सापडत नाही. अमेरिकेतही तेच. तिथे १९८१मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक हवाई नियंत्रकांना बडतर्फ केले. त्याच पदावरच्या माणसांना पुढे ‘अत्यावश्यक’ म्हणून बिनपगारी राबवले गेले. जानेवारी २०१९मध्ये दहाच्या आसपास नियंत्रक आजारपणाच्या रजेवर गेले, न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावरची उड्डाणे खोळंबली आणि महिनाभर न सुटलेला तिढा त्याच दिवशी सुटला. ३५ दिवस ज्यांची अडचण कोणाला दिसत नव्हती, ते गैरहजर राहिल्यावर काही तासांत दिसले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. शेतकऱ्याला कुठली तारीख आहे? भात कापायच्या वेळी पाऊस आला तर त्याला कोण भरपाई देते? राज्याच्या महसुलातला निम्म्याहून अधिक वाटा पगार, निवृत्तिवेतन आणि व्याजावर जातो, मग या नोकरदारांसाठी आणखी का रडायचे? मार्च २०२३मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचारी संपावर होते, त्याच आठवड्यात नाशिकहून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईकडे निघाला होता. तेव्हा चर्चा अशी झाली की जणू दोघांतून एकालाच निवडायचे आहे. मला हे भांडण लावून दिलेले वाटते. खर्चावर बोलायचे तर जरूर बोलावे: पदे किती हवीत, पगार किती असावा, पेन्शन कोणत्या पद्धतीने द्यावी. यांवर मतभेद असू शकतात. पण ठरलेला पगार ठरल्या दिवशी द्यावा की नाही, यावर मतभेद कसला? शेतकऱ्याची अनिश्चितता आभाळातून येते, तिच्यावर उपाय अवघड आहे. वाहकाची अनिश्चितता मंत्रालयातल्या फायलीतून येते. ती माणसाने निर्माण केलेली आहे, तेव्हा माणसाला थांबवताही येते.

उपाय फार क्रांतिकारक नाहीत. सवलतीची घोषणा करताना तिची तीन महिन्यांची भरपाई आधी महामंडळाच्या खात्यावर जमा करावी, नंतर फलक लावावेत. वेतनासाठीचा निधी वेगळा ठेवावा आणि तो इतरत्र वळवता येऊ नये. २१ नोव्हेंबर २०२५पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत द्यायचे असते. कारखानदाराला जो नियम, तो सरकारी महामंडळाला आणि सरकारच्या कंत्राटदारालाही काटेकोरपणे लावावा. उशीर झालाच तर व्याज द्यावे. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२मध्ये सांगितले. त्यांना ‘मानसेवी’ म्हणत राहण्याची सबब तिथेच संपली होती. तरी डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ त्यांना पन्नासहून अधिक दिवस संप करावा लागला. दुसरीकडे, खासगी कंपन्यांमार्फत भरती करण्याचा निर्णय राज्य सरकारला ऑक्टोबर २०२३मध्ये मागे घ्यावा लागला, कारण तरुणांनी आवाज उठवला. दबाव आला की कुंपण सरकते, हा त्याचा धडा.

तेव्हा येत्या निवडणुकीत माणगावच्या चौकात एखादा उमेदवार नवी सवलत, नवी योजना घेऊन आला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला एकच विचारावे: ही योजना राबवणाऱ्या माणसाचा पगार कोणत्या तारखेला होईल आणि ती तारीख चुकली तर जबाबदार कोण? ज्याच्याकडे याचे उत्तर नाही, त्याची घोषणा दुसऱ्याच्या खिशातून केलेली आहे.