तू कुठला 'वाला'?

आपल्याकडे माणसाची ओळख 'वाला' लावून होते. कॉमर्सवाला, मेकॅनिकलवाला, एमपीएससीवाला, कमवा-शिकावाला. विद्यापीठात पाऊल टाकल्यावर आठवड्याभरात तुम्हाला एक 'वाला' चिकटतो, आणि पुढची दोन वर्षं कुठल्याही खोलीत तुमच्या आधी तोच शिरतो. मेकॅनिकलवाला आंघोळ करत नाही. केमिस्ट्रीवाल्याच्या एप्रनला भोक असतंच. मराठीवाल्याच्या खांद्याला झोळी. फिलॉसॉफीवाल्याला केस वाढवायची गरज नसते, लोक मनातल्या मनात ते वाढवून घेतात. एमपीएससीवाला सकाळी आठला टेबलावर पाण्याची बाटली आणि लक्ष्मीकांत ठेवून जागा धरतो, आणि कुणी विचारलंच तर म्हणतो, "यंदा शेवटचा अटेम्प्ट."

मी ज्या विद्यापीठात एम.ए. केलं त्याचं नाव इथे सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही त्यालाही एक 'वाला' लावाल.

तर हे शिक्के खरे असतात का? सरळ उत्तर द्यायचं तर, बऱ्याचदा असतात. जागा धरणारी मुलं मी रोज पाहिली आहेत. पण ती जागा का धरतात? पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाच्या वाट्याला एक कॉट येते. टेबल येत नाही. एका खोलीत चारजण, त्यातला एक फोनवर, एक झोपलेला. अशा मुलासाठी लायब्ररीतली खुर्ची हीच त्याची अभ्यासाची खोली असते, आणि खोली म्हटली की ती सकाळी उघडावी लागते. त्याची ती बाटली म्हणजे भाड्याचा हिशोब आहे. आपण मात्र तो हिशोब त्याचा स्वभाव म्हणून वाचतो. शिक्का असं काम करतो. दिसलेली गोष्ट खरी असते, तिचं कारण गाळलेलं असतं.

ज्याला इंग्रजीत स्टिरिओटाइप म्हणतात तो शब्द मुळात छापखान्यातला. सुटे खिळे जुळवून पान तयार झालं की त्याचा साचा घ्यायचा, त्यात धातू ओतून अख्ख्या पानाचा एक पत्रा करायचा, म्हणजे पुन्हा छापताना अक्षरं जुळवत बसायला नको. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने 1922 साली 'पब्लिक ओपिनियन' या पुस्तकात हा शब्द माणसांच्या डोक्यातल्या चित्रांसाठी वापरला. उपमा चपखल आहे. नवा माणूस समोर आला की अक्षरं जुळवायचे कष्ट कोण घेणार? जुनं पान छापून मोकळं व्हायचं.

आता एक जरा अवघड वाक्य घेऊ. 'मराठी माध्यमाची मुलं सेमिनारमध्ये बोलत नाहीत.' मी ज्या वर्गात बसलो तिथे मोजून पाहिलं असतं तर हे वाक्य पास झालं असतं. तरी ते मला खोटं वाटतं, आणि त्याचं कारण सापडायला वेळ लागला. तत्त्वज्ञ सॅरा-जेन लेस्ली यांनी अशा सरसकट वाक्यांवर बरंच काम केलंय. डासांमुळे वेस्ट नाइल विषाणू पसरतो हे आपण बिनदिक्कत मान्य करतो, पण प्रत्यक्षात शंभरातल्या एकाही डासात तो विषाणू नसेल, असं त्यांचं आवडतं उदाहरण. आपल्याला डेंग्यू जवळचा, म्हणून तोच घ्या. 'डास डेंग्यू पसरवतात' म्हणताना आकडा आपण विचारत नाही. भीतीदायक गोष्ट असली की थोड्यांवरून सगळ्यांबद्दल बोलायला मन तयारच असतं. आणि असं वाक्य 'किती' हे सांगतच नाही, ते 'कसे' हे सांगतं. 'बोलत नाहीत' याचा कानावर पडणारा अर्थ 'बोलू शकत नाहीत, तशीच असतात ती' असा होतो. मोजणी बरोबर असूनही अर्थ चुकीचा निघतो तो इथे.

शिवाय हे वाक्य नुसतं वर्णन करून थांबत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला, 2006 साली तो 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये छापून आला. मुलांना कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले, सुटलेल्या प्रत्येकाचे पैसे. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा दलित आणि उच्चवर्णीय मुलांच्या कामगिरीत फारसा फरक नव्हता. मग सगळ्यांसमोर नावासोबत जातही जाहीर केली. दलित मुलांनी सोडवलेले भुलभुलैये कमी झाले. मुलं तीच, बोटं तीच. अमेरिकेत स्टील आणि अ‍ॅरनसन यांनी 1995 मध्ये विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबाबत असंच काहीसं दाखवलं होतं. त्या कल्पनेवर पुढे बरीच टीका झाली, नंतरच्या काही प्रयोगांत परिणाम बराच कमी दिसला, म्हणून त्यावर मी फार वजन टाकणार नाही. पण हॉस्टेलच्या पहिल्याच रात्री "सीईटीला रँक किती?" हा प्रश्न कुणाला आणि कशासाठी विचारला जातो, हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. रँकमध्ये कुणालाच रस नसतो. तो प्रश्न म्हणजे आडनाव कळूनही उरलेली शंका असते.

म्हणून सगळे शिक्के एका मापाने मोजता येत नाहीत. मेकॅनिकलवाल्याला तुम्ही अंघोळीवरून चिडवा, तोही हसेल, कारण चार वर्षांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी तो शिक्का हॉस्टेलच्या बादलीबरोबर मागे राहतो. 'कोट्यातला' हा शिक्का असा मागे राहत नाही. तो मुलाखतीला जातो, प्रमोशनला जातो, भाड्याने घर शोधायलाही जातो. शिक्का खोटा निघाला तर त्याची किंमत कोण मोजतो, हे मला तो किती टक्के खरा आहे यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि चांगला शिक्का? माझा एक मित्र कमवा आणि शिका योजनेत होता. ही योजना म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांची देणगी. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज 1947 साली याच तत्त्वावर उभं राहिलं. मित्र सकाळी झाडांना पाणी घालायचा, दुपारी वर्गात बसायचा. सगळे त्याला 'फार कष्टाळू' म्हणायचे, प्रेमानेच म्हणायचे. त्याचा एक निबंध वर्गात सगळ्यात चांगला ठरला तेव्हाही "किती मेहनत घेतलीस रे" हेच ऐकायला मिळालं. शहरातल्या एका मुलीचा निबंध त्याच्या खालोखाल होता, तिला "ब्रिलियंट" मिळालं. तो मला म्हणाला, "तो निबंध मी एका रात्रीत लिहिलाय. मेहनत मी झाडांवर घेतो."

इथे कुणी म्हणेल, सरसकट बोललंच नाही तर धोरण कसं करायचं? आक्षेप बरोबर आहे. 'मराठी माध्यमातून आलेल्या पुष्कळ मुलांना इंग्रजी ग्रंथ वाचताना अडतं' हे मान्य केल्याशिवाय त्यांच्यासाठी जादा वर्ग कोण लावेल? तेच वाक्य वेळापत्रकात बसलं तर उपयोगाचं होतं, आणि माणसाच्या तोंडावर मारलं की अपमान. फरक मला असा दिसतो: शंभर जणांसाठी सोय करताना मी सरासरीचा आधार घेऊ शकतो, पण समोरच्या एकाबद्दल मत बनवायचं तर त्याच्याकडूनच ऐकायला हवं. मी त्याला विचारू शकत असताना सरासरीला विचारतोय, म्हणजे मी त्याला बोलायची संधीच नाकारतोय.

पण हा फरकही वाटतो तितका स्वच्छ नाही. जादा वर्ग लागला तेव्हा यादीत माझ्या त्या मित्राचं नाव आपोआप होतं, कुणी त्याला विचारलं नव्हतं. त्याचं इंग्रजी वाचन माझ्याहून चांगलं होतं. तो तरीही गेला. का, असं विचारल्यावर म्हणाला, "मी नाही गेलो तर म्हणतील, यांच्यासाठी काही करा, ही येतच नाहीत." मग वर्गात बसून तो काय करायचा? मागच्या बाकावरच्या दोघांना शिकवायचा. शिकवणाऱ्या मॅडमना वाटायचं, गप्पा मारतोय.