रोगाला हुकूम, देवाला विनवणी

अंगात अचानक सुईसारखी कळ उठली तर काय करावे, याचा उपाय सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी हस्तलिखितात दिला आहे. फिव्हरफ्यू, लाल नेटल आणि प्लँटेन या तीन वनस्पती लोण्यात उकळायच्या आणि एक लांबलचक मंत्र म्हणायचा. त्या मंत्रात डोंगरावरून दणदणाट करत घोडे दौडवणाऱ्या कोणा बलाढ्य स्त्रिया आहेत, त्यांनी फेकलेले भाले आहेत, हत्यारे घडवत बसलेले लोहार आहेत. रोग्याच्या शरीरात रुतलेल्या भाल्याच्या तुकड्याला बाहेर निघण्याचा हुकूम सोडला जातो. तो देवांनी मारलेला असो, यक्षांनी किंवा चेटकिणीने, मंत्र म्हणणारा रोग्याला मदत करणारच. आणि या सगळ्या गदारोळाच्या शेवटी एक साधी प्रार्थना येते, की प्रभू तुला साह्य करो. 'लाक्नुंगा' या नावाने ओळखला जाणारा हा संग्रह ब्रिटिश लायब्ररीत हार्ले 585 या क्रमांकाखाली जतन केला आहे. त्यात वनौषधी, लॅटिन प्रार्थना आणि असे मंत्र एकमेकांना खेटून येतात. लिहिणाऱ्याला त्यांची वेगवेगळी दालने करावीशी वाटली नाहीत.

आपल्याला मात्र ती करावीशी वाटतात, आणि त्यासाठी एक मोजपट्टी तयारच असते. विसाव्या शतकाच्या तोंडावर मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी 'द गोल्डन बाऊ'मध्ये ती ठामपणे मांडली: धर्म विनवणी करतो, जादू हुकूम सोडते. ही मोजपट्टी या हस्तलिखितांना लावली की ती मोडते, असे माझे म्हणणे आहे. कारण ती एक साधा प्रश्न विचारत नाही: हुकूम कोणाला आणि विनवणी कोणाला? कळेच्या मंत्रात हुकूम आहे तो भाल्याला, म्हणजे रोगाला. देवाला कोणी काही फर्मावलेले नाही, त्याच्याकडे मदतच मागितली आहे. दोन्ही क्रिया एकाच दमात होतात आणि त्यांत विसंगती नाही, कारण बोलणे दोन वेगवेगळ्या पक्षांशी चालले आहे. ख्रिस्ती वाचकाला हे परके वाटण्याचे कारणही नव्हते. लूकच्या शुभवर्तमानात येशू शिमोनाच्या सासूच्या तापाला दटावतो आणि ताप उतरतो. ज्या धर्मग्रंथात तापाशी असे बोलता येते, तो रोज वाचणाऱ्या माणसाने कळेला दरडावले म्हणून तो धर्म सोडून जादूकडे वळला असे ठरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की हे ख्रिस्तीपूर्व श्रद्धांचे अवशेष आहेत आणि प्रार्थना वरून चिकटवली आहे. त्याच 'लाक्नुंगा'तला नऊ वनस्पतींचा मंत्र पुरावा म्हणून पुढे केला जातो. त्यात वोडन हा जुना देव नऊ काड्यांनी सर्पाचे तुकडे करतो, हे खरे. पण दोन औषधी वनस्पती प्रभूने टांगलेल्या अवस्थेत निर्माण केल्या, हेही त्यातच आहे. शेत नापीक झाले तर करायच्या एका विधीत हे चिकटवणे आणखीच अशक्य दिसते. पहाटेपूर्वी जमिनीच्या चार बाजूंनी गवतासकट चार ढेकळे काढायची. त्यांवर तेल, मध, यीस्ट, त्या जमिनीवर चरणाऱ्या जनावरांचे दूध आणि पवित्र पाणी घालायचे. मग ती चर्चमध्ये नेऊन त्यांची हिरवी बाजू वेदीकडे करायची आणि धर्मगुरूने त्यांच्यावर चार मिस्सा म्हणायच्या. पुढे याच विधीत पृथ्वीला माता म्हणून साद घातली आहे. हा विधी धर्मगुरूवाचून पुरा होत नाही. त्याला बाजूला सारून उरलेले अवशेष वेगळे काढू गेलो तर हातात विधीच उरत नाही.

दुसरा आक्षेप आधुनिक आहे. दहाव्या शतकातल्या 'बाल्डच्या वैद्यकग्रंथा'त डोळ्याच्या पुळीवर एक औषध आहे: लसूण, त्याच कुळातली आणखी एक वनस्पती, वाइन आणि बैलाचे पित्त पितळी भांड्यात नऊ रात्री ठेवायचे. 2015 मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी ते शक्य तितके मूळ कृतीबरहुकूम बनवले, तेव्हा प्रयोगशाळेत त्याने प्रतिजैविकांना न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस जंतू मारले. मग औषध तेवढे खरे आणि मंत्र फोल, असे म्हणून मोकळे का होऊ नये? औषधाच्या गुणाबद्दल मला शंका नाही. पण या औषधात मंत्र नाहीच, त्यामुळे मंत्रांबद्दल ते काहीच सिद्ध करत नाही. मंत्राने जंतू मरतात असा दावा मीही करत नाही. प्रश्न मंत्र म्हणणारा देवाशी कोणत्या नात्याने वागत होता हा आहे, आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणार नाही.

खरा जड आक्षेप चर्चच्या आतूनच आला होता. वनस्पतीचा रस पिणे वेगळे आणि तीच गळ्यात बांधणे वेगळे, असे प्राचीन धर्माचार्य ऑगस्टिनने बजावले होते. इंग्लंडमध्ये याच हस्तलिखितांच्या काळातल्या एल्फ्रिक या मठवासी धर्मगुरूने औषधी झाडपाल्याला मुभा दिली, पण तो मंत्राने भारू नये, देवाच्या शब्दांनी आशीर्वादित करावा, असे सांगितले. या इशाऱ्यांमागची भीती अशी, की ठरलेले शब्द ठरलेल्या वेळा म्हटले की फळ हमखास मिळणार असे मानले तर देवाचे स्वातंत्र्य कुठे राहिले? हा आक्षेप मला टाळता येत नाही. उदाहरणार्थ, इ. स. 1500 च्या सुमाराचा एक चर्मपत्री पट्टा लंडनच्या वेलकम संग्रहात आहे. लांबी सुमारे 3.3 मीटर, रुंदी जेमतेम 10 सेंटिमीटर. त्यावर ख्रिस्ताच्या जखमांची चित्रे आणि प्रार्थना आहेत, आणि तो पोटाभोवती गुंडाळणारी गर्भवती सर्व संकटांतून सुखरूप राहील असे आश्वासन आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्यावर मध, दूध, अंडी यांच्याबरोबर बाळंतपणातल्या स्रावांशी जुळणारी प्रथिनेही सापडली. म्हणजे तो बहुधा प्रत्यक्ष वापरात होता.

या पट्ट्यात हमी आहे, आणि ती मला खटकते. पण हमी आहे म्हणून ती जादू, असे म्हटले तर चर्चचीच पंचाईत होते. त्याच बाळंतिणीच्या खोलीत मूल दगावेल असे वाटले तर सुईणीने पाणी घालून ठरलेल्या शब्दांत बाप्तिस्मा द्यावा, अशी चर्चची शिकवण होती. आणि तो बाप्तिस्मा निश्चित फळ देतो, ही चर्चची श्रद्धा. सन 1400 च्या आसपास जॉन मर्क या धर्मगुरूने तर अडाणी माणसाकडून लॅटिन शब्दांची मोडतोड झाली तरी हेतू खरा असेल तर बाप्तिस्मा ग्राह्य धरावा, असे लिहिले. ठरलेले शब्द, ठरलेली कृती आणि निश्चित फळ हे सगळे इथेही आहे. फरक एवढाच, की बाप्तिस्म्यामागे ख्रिस्ताने स्वतः दिलेले वचन आहे असे चर्च मानते, तर पट्ट्यावरचे आश्वासन लिहिणाऱ्याने आपल्या मनाने दिलेले आहे. पवित्र शब्द गळ्यात घालावेत का, या प्रश्नावर मध्ययुगीन धर्मशास्त्री थॉमस अक्वायनसने ज्या अटी घातल्या त्यांत एक हीच होती: त्यात काही खोटे नसावे, कारण असत्याला देव साक्षी राहत नाही. कळेचा मंत्र या अटीत बसतो, कारण शेवटी तो मदत मागून थांबतो. पट्टा बसत नाही. प्राण कंठाशी आलेल्या बाईला त्याने ज्या गोष्टीचा शब्द दिला, ती देणे त्याच्या हातात नव्हते.