झाड नको, गवत हवे

शिकारी पक्षी म्हटला की उंच झाडाचा शेंडा नाहीतर कडेकपार डोळ्यांपुढे येते. भोवत्या या शिकारी पक्ष्याचे तसे नाही. औराद-भालकीच्या माळांवर आणि कलबुर्गीच्या काळ्या रानात तो सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतो, मार्च-एप्रिलात परततो, आणि मुक्कामभर रात्री झोपतो जमिनीवर, गवतात. तिकडे कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात अंडीही जमिनीवरच घालतो. त्याला वाचवायचे कसे, याचे उत्तर या सवयीतच आहे.

त्याची शिकार एकदा उभे राहून पाहावी. तुरीच्या शेंड्यांवरून, अगदी खालून, तो संथ तरंगत जातो. पंख किंचित वर उचललेले, नजर खाली. चेहरा घुबडासारखा गोलसर, कारण पिकात दडलेल्या उंदराची खसखस त्याला कानाने टिपायची असते. मध्येच गर्रकन वळतो आणि पाय सोडून खाली झेपावतो. पांढुरका भोवत्या या जातीचा नर फिकट राखी, पंखांच्या टोकाला काळी पाचर; मादी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. माँटेग्यूचा भोवत्या ही दुसरी जात तर आपल्याकडे नाकतोड्यांवर ताव मारते. तूर पिकवणाऱ्याला असा राखणदार फुकटात मिळतो.

दिवस मावळताना हे पक्षी चहूकडून येऊन एकाच माळावर उतरतात; गुजरातेत वेळावदरला तर शेकड्यांनी. उंच वाळके गवत, कोरडी जमीन आणि निवांतपणा, बस्स. सकाळी तिथे त्यांनी ओकलेल्या गोळ्या सापडतात. एखादी फोडली की उंदराचे केस, हाडकांचे तुकडे, नाकतोड्यांचे पाय निघतात.

जागतिक यादीत पांढुरका भोवत्या 'संकटसमीप' गटात आहे. माँटेग्यूचा अजून त्या गटात नाही, पण दोघांचाही जीव गवतातच. आणि आपल्या सरकारी नकाशांत झुडपी माळ, खालावलेली कुरणे 'पडीक' या सदरात मोडतात. जमीन पडीक ठरली की तिच्यावर नांगर फिरतो, सौर पट्ट्या बसतात, मुरूम उपसला जातो. पण मला सर्वांत टोचते ते वृक्षारोपण, कारण ते चांगल्या मनाने होते. माळावर रांगेने खड्डे खणून रोपे लावली, फोटो निघाले, आणि भोवत्याची निजण्याची जागा गेली. काळवीट आणि खोकड यांचीही मोकळी जमीन तीच. माळ हे उजाड झालेले जंगल नव्हे. तो आधीपासूनच माळ आहे.

म्हणून औराद, भालकी, बसवकल्याण, आळंदच्या गावकऱ्यांना एवढीच विनंती: रोपे बांधावर, रस्त्याकडेला, शाळेभोवती जरूर लावा. गायरानाचा एक पट्टा मात्र ऑक्टोबर ते मार्च न पेटवता, न नांगरता, गवतासह उभा ठेवा, आणि तसा ठराव ग्रामसभेत करून घ्या.