नीयत आणि ओल

2023 सालच्या रमजानची गोष्ट आहे. आखातात नोकरी करणाऱ्या माझ्या भावाने आदल्या वर्षी आम्हाला एक मोठा फ्रीज घेऊन दिला होता. त्याला मागून पाण्याची बारीक नळी जोडली की बर्फ आपोआप तयार होतो. एप्रिलच्या उन्हात सारंगखेड्यात इफ्तारच्या शरबतातला बर्फ ही काय नेमत असते, हे तापीकाठच्या माणसाला सांगायला नको.

ईदला पाठवलेल्या शीरखुर्म्याचा डबा परत द्यायला शेजारच्या काकू आल्या. जाता जाता म्हणाल्या, "सर, सवड झाली की आमची भिंत एकदा बघून घ्या." त्यांची आणि आमची मधली भिंत एकच. त्यांच्या बाजूने हातभर ओल चढली होती, गिलावा सुटला होता आणि भिंतीशी ठेवलेल्या गव्हाच्या पोत्याला बुरशी आली होती. मी विचारले, "कधीपासून?" म्हणाल्या, "झाले वीस-बावीस दिवस. तुमचे रोजे चालले होते. म्हटलं, उगाच जिवाला घोर कशाला? ईद झाल्यावर सांगू."

घरी येऊन फ्रीज पुढे ओढला. दोष अगदी लहान होता. प्लास्टिकची नळी जिथे पितळी नटात बसते, तिथे तिचे टोक तिरके कापलेले होते. त्यामुळे आतली पितळी रिंग नीट आवळली जात नव्हती आणि थेंब थेंब पाणी भिंतीच्या बुडाशी जात होते. वीज बंद केली, पाण्याचा कॉक बंद केला. नळीचे टोक ब्लेडने सरळ कापले, नवी रिंग घातली, नट हाताने बसवून पान्याने थोडासाच आवळला. या कामात जोर लावून चालत नाही. जास्त आवळले तर रिंग दबते, नळी चिरते आणि गळती वाढते. मग खाली कोरडा कागद ठेवून दिवसभर वाट पाहिली. कागद कोरडाच राहिला. सगळे काम अर्ध्या तासाचे.

पण मनातली ओल काही गेली नाही. सेकंदाला एक थेंब आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटर पाणी होते. रसूलुल्लाह (स.) एका मुदमध्ये, म्हणजे साधारण पाऊण लिटरात, वुजू करत असे हदीसमध्ये येते. म्हणजे रोज पाच-सहा जणांच्या वुजूचे पाणी मी शेजाऱ्याच्या भिंतीत जिरवत होतो, तेही रोजा ठेवून!

आता प्रश्न असा, की मी गुन्हेगार आहे का? आपल्याकडे उत्तर तयार असते: माझी तशी नीयत नव्हती. अमलाचे मोल नीयतीवर ठरते, ही हदीस आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. पण फिकहचे जाणकार इथे एक फरक करतात. चुकून दुसऱ्याचा माल नासला तर गुनाह माफ होतो, भरपाई माफ होत नाही. नीयतीचा हिशेब अल्लाहजवळ, नुकसानीचा हिशेब शेजाऱ्याजवळ. पहिला चुकता झाला म्हणून दुसरा मिटत नाही.

हनफी फिकहमध्ये झुकलेल्या भिंतीचा मसला प्रसिद्ध आहे. उस्मानी राज्यात 1869 ते 1876 या काळात तयार झालेल्या 'मजल्ला' या कायद्याच्या संहितेतही तो आहे. एखाद्याची भिंत झुकली आणि पडून दुसऱ्याचे नुकसान झाले, तर मालकाला आधी सूचना दिली होती का आणि दुरुस्तीला पुरेसा वेळ मिळाला होता का, हे पाहिले जाते. सूचनाच नसेल तर मालक सुटतो. हे वाचून क्षणभर हायसे वाटले. काकूंनी मला कुठे सांगितले होते?

पण त्या गप्प का राहिल्या? माझ्या इबादतीत खलल पडू नये म्हणून. म्हणजे त्यांच्या भलेपणालाच मी माझ्या सुटकेचा पुरावा करणार! कायद्याने मी कदाचित सुटेन, पण असे सुटणे मला गळतीपेक्षा वाईट वाटले. शिवाय सूचना माणसानेच द्यावी असे थोडेच आहे? त्या महिन्यात फ्रीजखाली दोनदा पाणी दिसले होते. मी तिथे पोतेरे टाकून दिले. पाण्याने मला सांगितले होते, मीच ऐकले नाही. न कळणे वेगळे आणि कळून न घेणे वेगळे. आपली बहुतेक 'नीयत नव्हती' ही या दुसऱ्या प्रकारात मोडते.

हा विचार एका भिंतीपुरता राहत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली 33 गावे आली, ती आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातली, अक्राणी-अक्कलकुव्याच्या आदिवासींची. नीयत पाण्याची आणि विजेची होती. कुणी कुणाचे घर बुडवायचे म्हणून धरण बांधले नाही. पण ओल ज्याच्या भिंतीत शिरते त्याला धरणाची नीयत सांगून काय उपयोग? आपल्या सोयीचे पाणी कुणाच्या घरात झिरपते, हे पाहण्याची जबाबदारी सोय भोगणाऱ्याचीच असते. सोसणारा गप्प आहे म्हणजे सोसणे नाही, असे होत नाही.

गवंडी आणून काकूंचा गिलावा करून दिला. गव्हाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. "जिब्रील शेजाऱ्याविषयी इतके बजावत राहिले, की तो वारस होतो की काय असे वाटू लागले," या अर्थाची हदीस मी वर्गात कितीदा सांगितली आहे. तिचा अर्थ मात्र काकूंनी मला अमलात दाखवला, आणि त्यांनी ती हदीस कधी ऐकलेलीही नसेल.

आता दर जुम्म्याला मी फ्रीजमागे कोरडा कागद सरकवून पाहतो. घरातले हसतात. पण माझा आता असा समज झाला आहे, की नीयत साफ असणे ही सुरुवात आहे. ती साफ आहे, असे म्हणायचा हक्क भिंतीपलीकडे जाऊन पाहिल्यावरच मिळतो.