तालुका जवळ असावा की लांब?

तिसरीच्या वर्गात जिल्ह्याचा नकाशा लावला होता. तेरा तालुके तेरा रंगांनी रंगवून झाल्यावर एका मुलीने विचारले, "गुरुजी, तालुक्याएवढा देश असतो का हो?"

असतो, आणि त्याहून लहानही असतो. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या मध्ये लिश्टेनश्टाइन नावाचे एक संस्थान आहे. क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, माणसे चाळीस हजारांच्या आसपास. आमचा बुलडाणा जिल्हा ९,६६१ चौरस किलोमीटरांचा. म्हणजे आमच्या एकेका तालुक्यात सरासरीने असे चार देश मावून वर जागा उरेल. एवढ्याशा देशाचेही अकरा भाग आहेत, आणि त्यांतल्या प्लांकेन गावात पाचशे माणसेही नाहीत. खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. २००३ साली तिथल्या मतदारांनी जी घटना मंजूर केली, तिने या प्रत्येक भागाला देशातून बाहेर पडण्याचा हक्क दिला. गावकऱ्यांनी बहुमताने ठरवायचे, आणि मग पुढची बोलणी.

हे वाचले आणि मला आमचे गाव आठवले. ते घाटाखाली, सातपुड्याच्या पायथ्याशी. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारकडे गेले. १९०३ साली मध्य प्रांताला जोडले गेले. १९०५ साली खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोला जिल्ह्यातून काढून बुलडाण्याला दिले. १९५६ साली मुंबई राज्य, १९६० साली महाराष्ट्र. गाव जागचे हलले नाही, विहीर तीच, मारुती तोच. पत्ता मात्र बदलत राहिला. चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव, जळगाव असे पाच तालुके होते, त्यांचे तेरा झाले. आमचा तालुका जळगाव होता, तो संग्रामपूर झाला. आजोबा कचेरीच्या एका सहीसाठी पहाटे भाकरी बांधून निघत आणि "साहेब दौऱ्यावर आहेत" एवढे ऐकून रात्री परत येत. तेव्हा सरकार जितके जवळ तितके बरे, हे मी आईच्या दुधाबरोबरच प्यालो म्हणा ना! पंधरा ऑगस्टच्या भाषणात दरवर्षी हेच सांगत असे.

आता सांगत नाही. त्याचे कारण सांगतो.

गावाबाहेर एक भटके कुटुंब वीस वर्षांपासून पाल टाकून राहते. ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली गेली, तेव्हा त्यांचे नाव आले. कोणीतरी म्हणाले, "हे आपल्या गावचे नव्हेत." कोणी रागाने बोलले नाही, कोणी शिवी दिली नाही. हात वर होत गेले आणि नाव खोडले गेले. हात वर करणारे सगळे माझ्या ओळखीचे, अडीअडचणीला धावून येणारे. त्या कुटुंबाची मुलगी माझ्याच वर्गात होती. मी हात वर केला नाही, हे खरे. पण तोंडही उघडले नाही. उद्या याच माणसांत राहायचे होते ना!

पुढे तालुक्याहून चौकशी आली. आलेला अधिकारी गावात कोणाला ओळखत नव्हता. त्याने कागद पाहिले, मुलीचा शाळेचा दाखला माझ्याकडूनच मागून घेतला आणि नाव पुन्हा यादीत घातले. तो परका होता म्हणूनच त्याला ते जमले का? तो गावचा असता तर माझ्यासारखाच खाली मान घालून बसला असता का?

लिश्टेनश्टाइनमध्येही असाच एक नियम आहे. दहा वर्षे राहिलेल्या परदेशी माणसाला तिथला नागरिक व्हायचे असेल तर गावच्या नागरिकांचे मत घेतात. ज्या गावाला देश सोडण्याचा हक्क, त्याच गावाला शेजाऱ्याला दाराबाहेर ठेवण्याचाही. पाचशेच्या वस्तीत प्रत्येक मत कोणाचे ते चेहऱ्यावरून कळत असेल.

खामगाव वेगळा जिल्हा व्हावा, ही मागणी जुनी आहे. परवा गावात तिच्यासाठी सह्या घेत होते. आजोबांची पायपीट आठवून मी सही केली. मग घरी येऊन ग्रामसभेच्या इतिवृत्ताची प्रत काढून पाहिली. तिथेही माझी सही आहे, उपस्थितांत सातवी.