जुनी मोटार आणि काटकसरीची कसोटी

काटकसर हा सद्गुण आहे हे आपणांस कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही. ज्या मुलखात पाऊस एक वर्ष येतो व दुसऱ्या वर्षी रुसतो, तेथील मनुष्य जुन्या लुगड्याची वाकळ करितो, मोडक्या वखराचे लाकूड दुसऱ्या अवजारास बसवितो, आणि दिवा लागल्यावर अगोदर तेलाकडे पाहतो. हे शिक्षण त्यास पुस्तकातून मिळालेले नसते. परंतु प्रत्येक सद्गुणास एक सीमा असते, आणि ती ओलांडली म्हणजे तोच गुण आपले नाव न बदलता दोष होऊन बसतो. काटकसरीची ही सीमा कोठे आहे, हा प्रश्न मुखेड येथे एका जुन्या मोटारीच्या निमित्ताने आमच्यापुढे आला. तो जसा आला तसाच येथे मांडितो.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध गुरुजी आहेत. तालुक्यातील वाड्या-तांड्यांवर त्यांनी उभा जन्म मुले शिकविली. सन २००६ मध्ये, निवृत्तीस थोडी वर्षे राहिली असता, त्यांनी मारुती ८०० ही लहान मोटार घेतली. ह्या मोटारीचा इतिहास पुष्कळांस ठाऊक असेल. पूर्वी आपल्या देशात मोटार म्हणजे अॅम्बॅसेडर, किंवा मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात होणारी फियाट, जिला पुढे पद्मिनी म्हणू लागले. ती श्रीमंताची वस्तू असे, आणि पैसे भरूनही वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी ह्यांच्या हस्ते पहिल्या मारुती मोटारीची किल्ली देण्यात आली. तेव्हा तिची किंमत सुमारे ४७,५०० रुपये होती. तीन सिलिंडरचे ७९६ घनसेंटिमीटरचे लहानसे इंजिन, हलका सांगाडा, थोडे पेट्रोल, आणि कोणत्याही गावच्या मेस्त्रीस उघडता येईल अशी साधी रचना. ह्यामुळे शिक्षक, कारकून व लहान दुकानदार ह्यांच्या दारी प्रथमच मोटार उभी राहिली. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. तथापि खेडोपाडी ती आजही दिसते.

गुरुजींची मोटार केवळ गुरुजींची राहिली नाही. आमच्या तालुक्यात नाग, मण्यार, घोणस ह्यांचे भय मोठे आहे, आणि सर्पदंशाच्या उपचाराबद्दल मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे ह्यांचे नाव दूरवर ज्ञात आहे. परंतु वैद्य कितीही कुशल असला तरी रोगी त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचला पाहिजे. सन २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, व तिने पुष्कळ जीव वाचविले आहेत. पण ती दुसऱ्या रोग्यास घेऊन गेलेली असते अशाही रात्री येतात. अशा रात्री गुरुजींच्या दाराची कडी वाजे. एका तांड्यावरील मातेने आमच्यासमक्ष त्यांस म्हटले, "गुरुजी, तुमची गाडी व्हती म्हणून लेकरू वाचलं बगा."

आता ह्या मोटारीस वीस वर्षे झाली. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती पुन्हा करून घ्यावी लागते. गुरुजींनी २०२१ साली हे काम ६०० रुपयांच्या शुल्कात केले होते. १ एप्रिल २०२२ पासून ते शुल्क ५,००० झाले, आणि २०२५ साली वीस वर्षांवरील मोटारींस ते १०,००० करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर निराळाच. म्हणून २०२६ ची नोंदणी जवळ येताच पुण्यास नोकरी करणारा त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबा, आता ही गाडी काढून टाका. नवी घेऊ, हप्ता मी भरतो." गुरुजी म्हणाले, "चालत्या बैलास कोणी खाटकाकडे नेतो का रे?" दोघेही आपापल्या परी खरे बोलत होते. मग गुरुजी आमच्याकडे आले व म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगा, ठेवू की काढू?"

आम्ही प्रथम हिशेब मांडिला, कारण हिशेब टाळून केलेला नैतिक विचार बहुधा पोकळ असतो. गुरुजींची मोटार वर्षाकाठी सुमारे ६,००० किलोमीटर चालते व लिटरमागे १६ किलोमीटर देते. म्हणजे ३७५ लिटर पेट्रोल, जवळजवळ चाळीस हजार रुपये. नवी मोटार लिटरमागे २२ किलोमीटर देईल असे धरिले तरी बचत दहा-अकरा हजारांची. उलट पाच लाखांच्या मोटारीस पाच वर्षांचे कर्ज काढिले तर महिन्याचाच हप्ता दहा हजारांच्या घरात जातो. जुन्या मोटारीच्या दुरुस्तीस वर्षाला पंधरा-वीस हजार लागले, तरी तराजूचे पारडे स्पष्ट आहे. शिवाय नवी मोटार घडविण्यास लोखंड, कोळसा व वीज लागते. चांगली वस्तू टाकून दुसरी घेणे हाही सृष्टीवर भारच होय. इतके ऐकून गुरुजी समाधानाने हसले.

परंतु उठता उठता त्यांनी एक गोष्ट सांगितली, व ती सांगताना त्यांचे हसू मावळले.

मागील फाल्गुनात ते शेजारच्या दोन मुलांस दहावीच्या परीक्षेस नेत होते. मुलांची आई मागे बसली होती. गावाबाहेरच्या उतारावर पुढे कडब्याने भरलेली बैलगाडी होती. गुरुजींनी ब्रेकवर पाय दिला, तो पेडल तळापर्यंत गेले आणि मोटार थांबेना. पुन्हा पुन्हा पाय दाबून, हाताचा ब्रेक ओढून ती थांबली, ती कडब्यापासून वीतभर अंतरावर. मागे बसलेल्या मातेस काहीच कळले नाही, ती मुलांस म्हणाली, "पेपर नीट लिवा." येथे दोष मोटारीचा नव्हता. तीन महिने आधी मेस्त्रीने सांगितले होते, "गुरुजी, लायनर झिजलेत, ब्रेकचं तेल काळं पडलंय, बदलून घ्या." खर्च अडीच हजारांचा होता. गुरुजी म्हणाले होते, "चालतंय तोवर चालवू."

वाचकहो, ह्या तीन शब्दांपाशी थोडे थांबावे. हेच शब्द काटकसरी मनुष्य फाटक्या चपलेविषयी उच्चारितो, आणि त्यात दोष नसतो. कारण काटा रुतला तर त्याच्याच पायात रुतेल. परंतु येथे अडीच हजार रुपये गुरुजींच्या खिशात राहिले, आणि त्याचे मोल त्या मातेच्या दोन मुलांनी भरावयाचे होते. ज्या बचतीचा लाभ आपणांस होतो व जिचे मोल दुसरा भरितो, ती काटकसर नव्हे. तिला दुसरे नाव आहे, पण आपण सज्जन असल्यामुळे ते नाव स्वतःस लावीत नाही.

मग आमचा हिशेब अपुरा होता हे आम्हांस कळून आले. त्यात पेट्रोल होते, हप्ता होता. मागे बसणारी माणसे नव्हती. नव्या मोटारीत चालकापुढे एअरबॅग, म्हणजे आघाताच्या क्षणी फुगून छातीस व मस्तकास आधार देणारी हवेची पिशवी, १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. गुरुजींच्या मोटारीत ती नाही. ग्लोबल एनकॅप ह्या संस्थेने २०१४ च्या आरंभी आपल्या देशातील पाच लहान मोटारी आघात करून तपासल्या, तेव्हा प्रौढ प्रवाशांच्या रक्षणात एकीसही एक तारा मिळाला नाही. आणि गुरुजींची मोटार त्यांहून जुन्या बांधणीची आहे. इथेनॉलचे वीस टक्के मिश्रण असलेले पेट्रोल २०२३ पासून येऊ लागले व २०२५ पर्यंत सर्वत्र पसरले. जुन्या मोटारींच्या रबरी नळ्या व वायसर त्याने लवकर खराब होऊ शकतात, म्हणून त्या वेळोवेळी पाहाव्या लागतात. जुन्या वस्तूस प्रेमाने ठेवावयाचे तर तिच्यावर अधिक लक्ष व वेळच्या वेळी खर्च केला पाहिजे. जो कमी खर्चासाठी जुने ठेवितो आणि मग हाही खर्च वाचवितो, तो दोन्हीकडून लबाडी करितो.

कोणी म्हणेल, मग वयाचा नियम करून सर्व जुन्या मोटारी काढूनच टाकाव्या. मुंबईत टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा आहे. तेथील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली होती, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचा काळ संपला. पुष्कळांस हळहळ वाटली. परंतु दिवसभर अनोळखी माणसांस भाड्याने वाहणाऱ्या गाडीस अशी मर्यादा असणे न्याय्य आहे. कारण बसणारा मनुष्य ब्रेक तपासून बसत नाही, तो विश्वासाने बसतो. गुरुजींच्या मोटारीस तो नियम लागू नाही. पण जो विश्वास टॅक्सीत बसतो, तोच त्यांच्या मागच्या बाकावरही बसतो.

दुसरा मार्ग विक्रीचा. एका तांड्यावरील तरुण पंचेचाळीस हजार देऊन मोटार घेण्यास तयार होता; तिच्यात सात-आठ माणसे भरून तांडा ते मुखेड फेऱ्या करण्याचा त्याचा विचार. मुलगा म्हणाला, "द्या, व्यवहार चांगला आहे." गुरुजी रात्रभर झोपले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "माझ्या नातवंडांस जी गाडी धोक्याची म्हणून काढायची, ती दुसऱ्याच्या लेकरांस चालेल असे मानून विकायची, हा कोठला न्याय?" ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. दोष सांगून विकणे हा प्रामाणिकपणा खरा; परंतु गरजवंतास दोष सांगितला तरी त्याची गरज त्यास तो ऐकू देत नाही, हेही आपण जाणतो. मोटार निरुपयोगी झाली तर ती नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी, अशी सोय सरकारच्या २०२१ च्या धोरणाने झाली आहे; तेथे पैसे कमी मिळतील, पण धोका तेथेच संपेल.

शेवटी गुरुजींनी काय केले ते सांगतो. ते प्रथम त्या दोन मुलांच्या घरी गेले व मातेस म्हणाले, "बाई, त्या दिवशी ब्रेक लागत नव्हता. मला आधीच सांगितले होते. मी पैसे वाचविले." ती बाई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "आमाला काय कळतंय गुरुजी? तुमी बसा म्हनलं की आमी बसतो." तिने दोष दिला असता तर गुरुजींस हलके वाटले असते. ह्या उत्तराने त्यांच्यावरील भार दुप्पट झाला.

नंतर त्यांनी ब्रेक, टायर व पुढचे पट्टे बदलून घेतले, नळ्या तपासून घेतल्या, आणि अठरा हजार रुपये दिले. मेस्त्रीस सांगितले, "ह्यापुढे मला विचारू नको; जे जीवाशी संबंधित आहे ते बदल आणि मला फक्त आकडा सांग." मागे तीनच माणसे, रात्री नांदेडचा लांबचा प्रवास नाही, रोग्यासाठी अगोदर १०८ ला फोन, आणि ती न मिळाली तरच आपली मोटार, तीही मुखेडपर्यंत, सावकाश. २०२६ च्या तपासणीत सांगाडा कुजलेला निघाला तर मोटार भंगारात, कोणाच्याही दारी नाही. मुलास ते म्हणाले, "बाबा रे, हप्त्याचे पैसे तू बाजूस ठेवीत जा. माझा हट्ट संपेल त्या दिवशी लागतील."

हा निर्णय योग्य आहे काय? आम्ही निश्चयाने सांगू शकत नाही. ज्या रात्री १०८ येणार नाही व सर्पदंशाचा रोगी दारी येईल, त्या रात्री जुनी मोटार असणे हे ती नसण्यापेक्षा निःसंशय बरे. आणि ज्या दिवशी काही अकस्मात घडेल, त्या दिवशी मुलाचेच म्हणणे खरे होते असे सर्व म्हणतील. मनुष्यास दोन्ही दिवस आधी दिसत नाहीत. त्यास इतकेच करिता येते की, आपल्या बचतीचे मोल कोण भरितो हे दर वेळी विचारावे, आणि उत्तर "दुसरा" असे आले तर तो पैसा त्याच दिवशी खर्च करावा.

आपल्यापैकी बहुतेकांच्या दारी मोटार नाही. परंतु मागे मुलास बसवून नेण्याची जुनी सायकल आहे, गुळगुळीत टायरची फटफटी आहे, पाण्याच्या मोटारीची उघडी तार आहे, विहिरीचा झिजलेला दोर आहे. ह्या प्रत्येक वस्तूविषयी आपण कधी ना कधी "चालतंय तोवर चालवू" असे म्हटले आहे. हे पत्र वाचून झाल्यावर उठावे, आणि त्या वस्तूवर आपल्याखेरीज आणखी कोणाचा भार पडतो ते एकवार पाहून यावे.