तोंड नसलेला तळीराम

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ नाटकांतील तळीराम ठाऊक नाहीं असा मराठी वाचक विरळा. सुधाकराच्या पहिल्या पेल्यास तोच निमित्त होतो. परंतु त्याच्याविषयीं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तो समोर उभा राहून बोलतो, आणि हा मनुष्य बरा नव्हे हें प्रेक्षकांतील पोरासही कळतें. आजच्या तरुणाजवळ जो तळीराम येतो त्यास तोंडच नाहीं.

मागें एकदां आमच्या घरीं क्रिकेटचा सामना पाहावयास चारपांच मुलें जमलीं होतीं. थोरला तेरा वर्षांचा. मध्येंच सोड्याची एक जाहिरात झळकली. रात्रीची मेजवानी, मित्रांचा मेळावा, संगीत, आणि शेवटीं एका नांवाचीं सोनेरी अक्षरें. ‘काका, हें दारूचें नांव आहे ना?’ त्या मुलानें सहज विचारलें. दारूचा थेंबही न चाखलेल्या मुलास तिचें नांव पाठ होतें! आम्ही गोंधळलों, कारण तीच जाहिरात आम्हींही अनेकदां पाहिली होती, आणि तींत गैर असें कांहीं आम्हांस दिसलें नव्हतें.

कायदा नाहीं असें नव्हे. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांत मद्याच्या प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरातीस मनाई आहे. एका मालाच्या आडून दुसऱ्या निषिद्ध मालाची जाहिरात करण्यास २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनीं स्पष्ट बंदी घातली. तरी नांव मोकळेंच फिरतें. २००८ सालीं इंडियन प्रीमिअर लीगमधील बंगळूरच्या संघाचें नांव एका व्हिस्कीच्या नांवावरून पडलें, आणि तें आमच्या मुलांनीं हौसेनें घोषिलें. त्यांचा यांत काय दोष?

येथें कोणी म्हणेल कीं, जाहिरात कोणाच्या घशांत मद्य ओतीत नाहीं. सज्ञान मनुष्यानें काय प्यावें हें त्यानेंच ठरवावें. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. पुष्कळ घरांत वडिलांचा पेला हीच पहिली जाहिरात असते, हेंही आम्ही जाणतों. परंतु महाराष्ट्रांत बीअर पिण्यास २१ व व्हिस्कीसारख्या मद्यास २५ वर्षें पूर्ण असावीं लागतात. जाहिरात मात्र कोणाचें वय विचारीत नाहीं. ती मैत्री विकते, धीटपणा विकते, चारचौघांत आपण एकटे पडणार नाहीं असें आश्वासन विकते. आणि तेराव्या वर्षीं मुलास याहून अधिक हवेंसें काय असतें? पंचविसाव्या वर्षीं ‘मी माझ्या इच्छेनें पितों’ असें तो म्हणेल तेव्हां तो खोटें बोलणार नाहीं. मात्र ती इच्छा बारा वर्षांपूर्वीं दुसऱ्या कोणीं पेरली होती, याचें त्यास स्मरण नसेल. अशा इच्छेस त्याची स्वतःची म्हणावें काय? आम्हांस तसें म्हणवत नाहीं. आणि ती त्याची नसेल, तर पुढें जो दोष आपण त्याच्या एकट्याच्या शीलास लावतों, त्यांत पेरणाऱ्याचाही वांटा धरला पाहिजे.

आणि ज्यांनीं आपला चेहरा उसना दिला त्यांचाही. सचिन तेंडुलकर यांनीं मद्य व तंबाखू यांची जाहिरात न करण्याचें वचन आपल्या वडिलांस दिल्याचें जाहीरपणें सांगितलें आहे. ते वडील, रमेश तेंडुलकर, मराठीचे प्राध्यापक व कवि होते. मुलाच्या कीर्तीवर इतरांच्या मुलांचा केवढा विश्वास बसेल, हें त्यांनीं ओळखलें असावें. तें वचन पाळणें स्वस्त नव्हतें. इतर नामवंतांना तें कां पेलूं नये, हें आम्हांस समजत नाहीं. पैशाची ददात त्यांपैकीं कोणास असेल असें वाटत नाहीं.

त्या मुलास आम्हीं अखेर ‘होय’ म्हणून सांगितलें. तो थोडा वेळ गप्प बसला. ‘मग ते सोडा कां म्हणतात?’ त्यानें विचारलें. तोंवर सामना पुन्हां सुरू झाला होता, आणि खोलींतील आम्हां वडील माणसांपैकीं एकानेंही पडद्यावरची नजर काढली नाहीं.